डब्यावरचं इंग्रजी

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. घुग्घुसच्या आमच्या गल्लीत हे मी कोणी न विचारताही सांगायची.

बाबा ट्रक रंगवायचे. ती कामं हळूहळू मोठ्या वर्कशॉपांकडे गेली आणि बाबांचा कॉम्प्रेसर पडवीत नुसता पडून राहिला. अशात एक गॅरेजवाला कारचा बंपर घरी घेऊन आला. हा नीट उतरला तर पुढचे सगळे तुमच्याकडेच, म्हणाला. बाबांनी बंपरवर नख मारून पाहिलं. जन्मभर लोखंड रंगवलेला माणूस. प्लॅस्टिकला कधी हात लावला नव्हता.

पण कसूर ठेवली नाही. साबणाने धुतला, वॉटर पेपरने घासून चमक घालवली, थिनरने पुसला. खाणीकडून येणारी कोळशाची धूळ उडू नये म्हणून आईने अंगणात दोनदा पाणी शिंपडलं. तारेला टांगलेला बंपर पाहून ती म्हणाली, कोणाचा जबडा आणून लटकवला? बाबा हसले. त्या वर्षी ते फारसे हसले नव्हते.

प्लॅस्टिकचा प्रायमर वेगळा, बिनरंगी. हे तर पाणीच हाय, म्हणत बाबांनी डबा माझ्याकडे दिला.

“वाच व माय. कसं मारायचं ते लिहून असंल.”

मी वाचलं. प्रायमरनंतर एक तास रंग लावायचा नाही, असं सांगितलं. बाबांना पटेना. इतका वेळ काऊन, म्हणाले.

“वाचून तुम्ही राह्यले का मी?”

त्यांनी प्रायमर मारला. वर खबरदारी म्हणून तासाच्या जागी पुरा दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग मारला. आरशासारखा उतरला.

आठवड्याने गॅरेजवाला बंपर घेऊन परत आला. गाडी पंपावर धुतली होती.

“भाऊ, पापडासारखा निघाला न.”

बाबांनी कडेला बोट लावलं तर रंगाची वीतभर पट्टी सुटून हातात आली. “माझा हातच गेला,” एवढंच ते आईला म्हणाले.

दुपारी मी डिक्शनरी घेऊन डबा पुन्हा वाचला. एका तासाच्या आत रंग लावा, नंतर धरणार नाही, असं होतं. ‘आत’च्या जागी मी ‘नंतर’ वाचलं होतं. डबा फळीवर परत ठेवला, मजकूर भिंतीकडे करून.

दोनेक महिन्यांनी गॅरेजवाला दुसरा बंपर घेऊन आला. भला माणूस होता. आणखी एकदा पाहू, म्हणाला. बाबांनी बंपर हातातही घेतला नाही.

“प्लॅस्टिक आपल्यानं होत नाई, भाऊ. लोखंड असंल तर आणा.”

मी दारातच उभी होते. त्याच वेळी डब्याचं सांगितलं असतं तर बाबांनी बंपर ठेवून घेतला असता. मी आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आले तेव्हा तो निघून गेला होता आणि बाबा कॉम्प्रेसरचा पाइप गुंडाळत होते.