एक पाय हवेत

गाणं एका ठिकाणी थांबतं. तिथे मुलांनी एक पाय हवेत धरायचा आणि श्वास रोखायचा. मग शेवटचा शब्द म्हणायचा आणि पाय खाली टेकायचा.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो खेळाचाच भाग वाटला. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. कृतिकाताईलाही.

कृतिकाताई मूळची सांगलीची. मी नागपूरची. मराठी साहित्यात एम.ए. केलं आणि मग कॅनडात, मिसिसागाच्या एका कॉलेजात लॉजिस्टिक्स शिकायला आले. दर शनिवारी सकाळी तिच्या बेसमेंटमध्ये लहान मुलांचा वर्ग भरतो. गाणी, खेळ आणि त्यातून कँटोनीज. वर्ग संपला की आम्ही दोघी तिच्या गाडीतून ग्रोसरीला जातो. मी लवकर येऊन तिथेच चपला-बुटांच्या रॅकपाशी बसते आणि वर्ग संपायची वाट पाहते.

सांगलीची बाई हाँगकाँगची भाषा कशी शिकवते, असं तिला सगळेच विचारतात. ती हसून म्हणते, "मी कुठे शिकवते? पोपो शिकवते."

पोपो म्हणजे आजी. तिची सासू. पोपो गेल्या मार्चमध्ये गेली. कृतिकाताई अजून 'शिकवते' असंच म्हणते.

नातीच्या, ईशिताच्या जन्मानंतर सासू-सासरे हाँगकाँगहून इथे राहायला आले. पोपोला इंग्लिश येत नव्हतं, कृतिकाताईला कँटोनीज. नवरा, व्हिन्सेंट, दिवसभर एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये. दोघी बायका स्वयंपाकघरात खुणांनी बोलायच्या. पोपो भाजी निवडताना गुणगुणायची. एकदा कृतिकाताईने ते जसंच्या तसं गाऊन दाखवलं. पोपोच्या हातातली जुडी खाली पडली म्हणे.

"मला साधं मीठ मागता येत नव्हतं गं," कृतिकाताई सांगते, "मीठ म्हणायचे आणि त्या भलतंच काही आणून द्यायच्या. त्या भाषेत प्रत्येक शब्दाची उंची ठरलेली. आता कळतं सगळं, पण बोलताना माझी ती घसरते. गाताना सूर धरून ठेवतो."

तिथून वर्ग सुरू झाला. आधी ईशिता, मग शेजारच्या कँटोनीज घरांतली मुलं, मग त्यांच्या ओळखीची. ती सगळी घरी इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची. पोपो त्यांना बेसमेंटच्या जिन्यावर उभं करायची. उंच शब्दाला वरची पायरी, खोल शब्दाला खालची. कृतिकाताई पेटीवर तोच सूर द्यायची. पायरी चुकली की पोपो "आय्या!" म्हणून कपाळावर हात मारायची. मुलं मुद्दाम चुकायची.

कृतिकाताई सांगलीत मंदाकिनीबाईंकडे गाणं शिकली. बाई वही आणू देत नसत, रेकॉर्डिंग करू देत नसत. समोर बसायचं आणि येईल तसं उचलायचं. मान कुठे कलते तेसुद्धा. "बाईंचा पुढचा एक दात पडला होता," ती एकदा म्हणाली, "त्या फटीतून सूर जरा वाऱ्यासारखा यायचा. नंतर त्यांनी कवळी बसवली. पण आम्ही सगळ्या पोरी त्या फटीसकटच गात राहिलो. बाई चिडायच्या, म्हणायच्या, मेल्यांनो, दात तरी स्वतःचे वापरा."

पोपोची गाणीही तिने तशीच उचलली. एकही रेकॉर्ड केलं नाही. फोन समोर धरणं तिला उद्धट वाटायचं.

बोटीचं गाणं सगळ्यांत शेवटचं. ते पोपोने कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतः रचलेलं होतं. ते घरातलं गाणं होतं, वर्गात ती म्हणत नसे. शेवटच्या हिवाळ्यात तिची फुफ्फुसं आखडत गेली. नाकात नळी लावून ती खिडकीपाशी बसायची. तेव्हा तिने कृतिकाताईला समोर बसवलं आणि ते दिलं. बोट येते, बोट लागते, फाटक उघडतं, बाबा उतरतात. कँटोनीजमध्येही बाबाच. फाटक उघडल्यावर ते थांबणं. मग बाबा.

कृतिकाताईने त्याचा खेळ केला. जमिनीवर निळी चादर म्हणजे पाणी. एक मूल चादरीवर बाबा होऊन उभं. बाकीची काठावर. फाटक उघडलं की बाबाचा पाय हवेत. काठावरच्यांचेही पाय हवेत. सगळ्यांचा श्वास बंद. त्या क्षणात बेसमेंटमधली घर गरम ठेवणारी भट्टी घुमताना ऐकू यायची. मग "बाबा!" आणि उडी. मुलांना दुसरं कुठलंच गाणं एवढं आवडत नसे.

घरात एकच माणूस ते ऐकत नसे. सासरे. सगळी मुलं त्यांना गुंगगुंग म्हणायची, म्हणून मीही. पोपो गेल्यापासून ते वर्गाच्या वेळी खाली आलेच नव्हते. पहिलं मूल आलं की वर त्यांच्या खोलीचं दार बंद व्हायचं. नाहीतर ते बाहेर पडायचे. एकदा ऑक्टोबरमध्ये मी आले तर ते बर्फाच्या फावड्याने ड्राइव्हवेवरची पानं ओढत होते. बर्फाचा पत्ता नव्हता. मी हात हलवला. त्यांनी फावडं थोडं उचललं, पुन्हा ओढायला लागले.

"माझे उच्चार सहन होत नसतील त्यांना," कृतिकाताई म्हणायची. "त्यांच्या बायकोच्या जागी मी. परक्या देशातली, वर परकी भाषा."

नोव्हेंबरच्या एका शनिवारी ग्वेन दारात रेंगाळली. तिची दोन्ही मुलं वर्गात होती. ती इंग्लिशमध्ये फार जपून बोलत होती. मुलं गातात तेव्हा माझी आई व्हिडिओवर रडते, ती म्हणाली. पण गाणं संपलं की तू त्यांच्याशी इंग्लिशच बोलतेस. आम्ही तीन घरं जानेवारीपासून मार्कहॅमच्या वर्गाला जायचं म्हणतोय. कुणी आपलं बोलणारं इथे बसलं असतं तर गोष्ट वेगळी. आणि तिने जिन्याकडे, वर पाहिलं.

ती गेल्यावर कृतिकाताई निळी चादर घडी करत बसली. घडी झालेली उलगडून पुन्हा केली.

"तीन घरं गेली की वर्ग बंदच," ती म्हणाली. "आणि ईशी? ती वर्गातच तेवढी कँटोनीज बोलते गं. घरात मी विचारलं तर म्हणते, मम्मा, क्लास इज ओव्हर. वर्ग गेला की पोपोची भाषा या घरातून गेली."

त्याच संध्याकाळी तिने गुंगगुंगना विचारलं, वर्गात बसाल का. त्यांनी दार लोटून घेतलं.

पुढच्या शनिवारी ग्वेनची मुलं आली होती, बाकीचीही. खेळ नेहमीसारखाच चालला होता. बाबा व्हायची पाळी ईशिताची होती. फाटक उघडलं. पाय वर गेले. श्वास थांबले.

वर दार उघडल्याचा आवाज आला. गुंगगुंग जिना उतरत आले. चपला न घालता. ते मधल्या पायरीवर थांबले आणि चादरीकडे पाहत राहिले. त्या सगळ्या उचललेल्या पायांकडे. मुलांनी गाणं पुरं केलंच नाही. पाय तसेच हवेत, नजर त्यांच्यावर.

मग ते गायले. आवाज जाड, सुराला जेमतेम. पण ओळ एका दमात. फाटक उघडतं बाबा उतरतात. मध्ये काहीच नाही.

मुलं खिदळली. ईशिता ओरडली, "गुंगगुंग, यू फरगॉट द स्टॉप!"

त्यांनी कृतिकाताईला काहीतरी विचारलं. ती एकच शब्द बोलली, "पोपो." ते पुन्हा बोलले, बराच वेळ, हळू. तिचा हात पेटीच्या भात्यावर होता. भाता हळूहळू मिटत गेला.

मला अर्थ कळला तो ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. तिने गाडी बंद केली आणि उतरलीच नाही.

"त्यांनी विचारलं, इथे थांबायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, पोपोने. ते म्हणाले, ती थांबत नव्हती. तिला दम पुरत नव्हता."

मी सोडलेला सीटबेल्ट पुन्हा लावला.

"ते हाँगकाँगला फेरीबोटीवर इंजिनात कामाला होते. पोपो व्हिन्सेंटला कडेवर घेऊन धक्क्यावर जायची. पोराला धीर नसायचा. म्हणून ती ओळ पळत म्हणायची. फाटक उघडलं की लगेच बाबा." ती स्टिअरिंगकडे बघत होती. "म्हणाले, दर शनिवारी मी वर बसून ऐकतो. बोट लागते. फाटक उघडतं. आणि कुणी उतरत नाही."

समोरून एक माणूस रिकामी ट्रॉली ढकलत गेला. चाक वाजत होतं.

"बाईंच्या त्या दातासारखंच झालं गं, ऊर्मी," ती म्हणाली. "मी तिचं मरण शिकवत होते पोरांना."

"असं नको ना म्हणू, ताई."

"ते म्हणाले, दुरुस्त कर, मग मी खाली येतो. मुलांशी बोलेन. म्हणजे वर्ग राहील. ईशी बोलेल. सगळं राहील." तिने गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. "पण माझ्याकडे तिचं तेवढंच आहे. रेकॉर्डिंग नाही, काही नाही. तेवढा एक श्वास."

मग डोळे पुसून ती म्हणाली, "चूक आहे ती. तालमीत चूक सापडली की काढायची. चल, दूध संपलंय."

तिने ती काढली. सोपं नव्हतं. मुलांचे पाय आपोआप वर जायचे. गुंगगुंग काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि टाळी द्यायचे, पटकन, पटकन. ते कडक होते, पण मुलांशी पहिल्या शब्दापासून कँटोनीजच बोलायचे. ईशिता रेंगाळली की तिला डुकराचं पिल्लू म्हणायचे. तीही त्यांना त्याच भाषेत म्हातारं डुक्कर म्हणायची. एकदा वर्ग संपल्यानंतर, वरच्या मजल्यावरही म्हणाली. कृतिकाताईने मला लगेच फोन करून सांगितलं.

जानेवारीपर्यंत गाणं सरळ झालं. ग्वेन मार्कहॅमला गेली नाही. बाबा टुणकन उतरायचे, खेळ पुढे जायचा. त्या जागी कृतिकाताई कुठेच पाहत नसे. फक्त मान जराशी कलायची. शिकताना कलली असेल तशी. ते तिला काढता आलं नव्हतं, किंवा तिने ठेवलं होतं.

मला मात्र त्या जागी भट्टी ऐकू यायची. थांबणं नव्हतं, तरी यायची.

फेब्रुवारीत हेली आली. तीन वर्षांची, वर्गात सगळ्यांत लहान. तिने जुनं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. पाय उचलायचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिले काही वर्ग ती आईच्या मांडीतून उठलीच नाही. मग एका शनिवारी स्वतःहून उठली आणि चादरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाबा व्हायला. एकटीने गायचं होतं.

बोट येते, ती गायली. बोट लागते. आवाज बारीक, पण सुरात. फाटक उघडतं.

आणि दम संपला.

ती उतरायला निघालीच होती. एक पाय उचललेला. तोंड उघडं. शब्द येत नव्हता. छाती वर आली आणि तिथेच राहिली.

काठावरच्या जुन्या मुलांचे पाय वर गेले. एकापाठोपाठ एक. कुणी हसलं नाही.

कृतिकाताईचं बोट पुढच्या सुरावर होतं. ती तो दाबणार, शब्द पुढे ढकलणार, तेवढ्यात गुंगगुंगनी हात वर केला. एक शब्द म्हणाले. एव्हाना मला तो कळत होता. थांब.

ते खुर्चीतून उठले. चादरीच्या काठाशी गेले आणि हेलीपुढे हात धरला. घाई केली नाही. हेलीने त्या हाताकडे पाहिलं. मग तिचा श्वास आत गेला, मोठ्याने, ओला.

"बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून उतरली.

गुंगगुंग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. हेलीचा हात त्यांच्या हातातच होता. ईशिता त्यांच्यापाशी गेली आणि कँटोनीजमध्ये काहीतरी विचारलं. त्यात मला फक्त पोपो कळलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला सांगता येणार नाही.

मग ते कृतिकाताईकडे बघून म्हणाले, पुन्हा.

तिने पेटी उघडली. सगळी मुलं एकदम गायली. बोट येते, बोट लागते. त्या जागेबद्दल कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गुंगगुंगनी टाळी दिली नाही. फाटक उघडलं.

वरून एक विमान एअरपोर्टकडे उतरत गेलं. भट्टी घुमत होती. कृतिकाताईची मान कललेली. सगळे पाय हवेत. मीही श्वास धरून बसले होते. आम्ही थांबलो, पोपोला लागायचा तेवढा वेळ.