मुक्या गाडीची घंटा

पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आर्वीच्या आमच्या जिनिंग-प्रेसमधले मिस्त्री असे उभे राहिले की हमालसुद्धा गप्प होत. मग मिस्त्री म्हणत, "बोलून राह्यली." कुठलं बेअरिंग जाणार, ते त्यांना त्या बोलण्यातून कळे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल.

ऐंशीच्या आसपास मालकांनी कापसाच्या गाठी वाहायला बॅटरीवरची एक जुनी गाडी आणली. तिला इंजिन नव्हतं, त्यामुळे आतल्या दातेरी चाकांची करकर साऱ्या आवारात ऐकू जाई. माझं टेबल खिडकीशी, आणि मी चिडका कारकून. जाऊन मिस्त्रींना विचारलं, "ग्रीस संपलं का हो तुमचं?"

"काऊन चिडता बाबूजी? मुद्दाम कमी भरलं. तिचा आवाज हाय म्हून बाया बाजूले होतेत."

"दात झिजतील ना!"

"दात झिजले त बदलवता येते. मानूस कोठून आनू?"

मला तो कामचुकारपणाचा बहाणा वाटला. मी मॅनेजरकडे तक्रार केली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळतात, त्याच दिवशी मिस्त्री दरवर्षी यंत्रांना ग्रीस भरत. त्या वर्षी हुकुमाप्रमाणे त्यांनी गाडीतही ठासून भरलं. गाडी मुकी झाली. खिडकीखालून गेली, तेव्हा मला नुसती सावली दिसली. बरं वाटायला हवं होतं, पण मी उठून मिस्त्रींकडे गेलो.

"सायबाले घंटा मागतली, त हसले," मिस्त्री म्हणाले.

"मी आणतो बाजारातून, बैलाची," मी लाजेने म्हणालो.

"आनजा बाबूजी. तोवर मी हाय ना."

हंगाम सुरू झाला. गाडी निघाली की मिस्त्री हातातलं काम टाकून तिच्यापुढे टाळ्या वाजवत चालत. "बाजूऽऽ!" बाया हसत, "मिस्त्री, गाडीची वरात काढून राह्यले का?" मीही हसलो. एक बाजार गेला, दुसरा गेला. पाहुणे होते, सर्दी होती, असं मी सांगत आलो. खरं म्हणजे विसरलो.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद होती. मिस्त्री वाकून वजनकाट्याला तेल देत होते, गाडीकडे पाठ करून. मिस्त्रींना न सांगताच गाडी निघाली होती, आणि तिच्यावर गाठी इतक्या उंच रचल्या होत्या की चालवणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं. खिडकीतून मला दोन्ही दिसलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. मिस्त्रींनी मान वर केली, ती माझ्याकडे.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या बाजाराला मी घंटा आणली आणि माझ्या हाताने गाडीला बांधली. ती दिवसभर खिडकीखालून वाजत जाई. मी खिडकी कधी लावून घेतली नाही.