ललिताबाईंचा जबाब

ललिताबाईंच्या हातून आजवर चारशेच्या वर पोरं वजनकाट्यावर चढून उतरली असतील. गोसीखुर्दच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि लोकांना उचलून या नव्या वसाहतीत आणून बसवलं, तेव्हापासून इथल्या अंगणवाडीच्या सेविका त्याच. पोराला नुसतं कडेवर घेऊन त्या वजन सांगत आणि काटाही बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने बोले. बाई तशा खमक्या. तालुक्याच्या बैठकीत बाकीच्या जणी तोंडात मूग धरून बसल्या की साहेबांना चार शब्द सुनावायचं काम आपसूक यांच्याकडे येई. त्याचा त्यांना थोडा अभिमान होता. थोडा कसला, चांगलाच होता.

त्यांचं हाडवैर होतं ते डागाशी. तान्ह्या मुलाचं पोट फुगलं, दूध ओकू लागलं की विळ्याचं टोक तापवून बेंबीभोवती टेकवायचं, हा इकडचा जुना उपाय. ललिताबाईंच्या स्वतःच्या पोटावर असे पाच डाग आहेत. आत्याने धरून ठेवलं होतं, त्या किंचाळल्या होत्या, आणि मग आत्यानेच रडत रडत तोंडात गुळाचा खडा घातला होता, हे सगळं त्यांना आईकडून ऐकून पाठ होतं. नोकरीला लागल्यावर त्यांनी म्हाताऱ्यांशी उभी भांडणं करून गावातून डाग हद्दपार केला. जिल्ह्याहून प्रमाणपत्र आलं, ते अंगणवाडीच्या भिंतीवर लागलं. पण एकाच शत्रूशी आयुष्यभर लढलेल्या माणसाला जिथे तिथे तोच दिसू लागतो, हे काही कोणी प्रमाणपत्रावर लिहून देत नाही.

राजकुमारच्या पोरीचं, उर्वशीचं, तेच झालं. उर्वशी चार वर्षांची. आई काविळीने गेली तेव्हापासून ती आणि तिची धाकटी बहीण हर्षा, दोघी सानगडीला आईच्या आईकडे, रुखमिणीबाईकडे वाढल्या. मग राजकुमारने रिताशी दुसरं लग्न केलं आणि मुली परत आणल्या. राजकुमार मालाची गाडी चालवतो. बोलायला गोड, वागायला नम्र. अंगणवाडीची तोटी गळत होती ती त्याने न सांगता बदलून दिली होती. सप्टेंबरच्या वजनाला उर्वशीच्या पोटावर तीन गोल खुणा दिसल्या. ललिताबाईंनी त्यांवर खोबरेल लावलं आणि सानगडीच्या त्या अडाणी म्हातारीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दिवाळीला रुखमिणीबाईने नाती आजोळी नेल्या त्या परत पाठवल्याच नाहीत. कोणाच्या तरी फोनवरून तिने हेल्पलाइनला कळवलं की बाप पोरीला विडीने भाजतो. चौकशीला जिल्ह्याहून अतुल साहेब आले, तरुण, घाईत असलेले. त्यांनी अंगणवाडीत बसून चहा घेतला आणि बाईंना विचारलं. बाईंनी छातीठोकपणे सांगितलं की हे डाग आहेत, पोट फुगलं म्हणून आजीनेच दिलेले असणार, आणि आता ती बापावर ढकलते आहे. साहेबांनी लिहून घेतलं, बाईंनी खाली सही केली. वीस वर्षं डागाविरुद्ध लढलेल्या बाईचा शब्द, त्यापुढे म्हातारीचं कोण ऐकणार? मुलांचा ताबा ठरवणाऱ्या समितीने दोन्ही मुली बापाकडे दिल्या.

मार्चमध्ये उर्वशी गेली. जिन्यावरून पडली, असं राजकुमार म्हणाला. रिता दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. पोलिसांत अपघाताची नोंद झाली.

त्यानंतर अंगणवाडीत जे सुरू झालं ते ललिताबाईंनी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मदतनीस सत्यभामाबाई खिचडी वाढायची आणि दररोज एक ताटली जास्तीची निघायची. पोरं सोळा, ताटल्या सतरा. बाई रागावल्या की सत्यभामाबाई पुन्हा मोजायची, बोट लावून, एकेका डोक्याला, आणि सतराच म्हणायची. पोरंही भिंतीला ओळीने बसताना खिडकीखालची जागा सोडून बसत. सरकून बसा म्हटलं तर सरकत नसत. नव्या वसाहतीतले रस्ते सरळ, घरं एकासारखी एक, दुपारी चिटपाखरू नसतं. धरणावरून वारा येतो तो कुठे अडत नाही. त्या वाऱ्याने खिडकीचं दार हलायचं आणि सोळाही पोरं एकदम तिकडे बघायची. शिवाय अंगणवाडीच्या मोबाइलवर दर महिन्याला सूचना यायची की उर्वशीचं वजन भरायचं राहिलं आहे. मृत्यूची नोंद कुठेतरी अडकली होती, म्हणून नाव निघत नव्हतं. बाई ती सूचना बोटाने बाजूला सारत आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा येई.

जूनच्या एका दुपारी पोरं मागच्या भिंतीशी फारच गप्प होती. पोरं गप्प म्हणजे काहीतरी घोळ, हे वीस वर्षांचं गणित. बाई खिडकीतून डोकावल्या. रिंगण करून बसली होती सगळी. मध्ये हर्षा उताणी पडलेली. तिला तीन वर्षं पूर्ण व्हायची होती, नुकतीच येऊ लागली होती. एका पोरीच्या हातात पळसाच्या पानाची बारीक सुरळी. तिच्यावर ती फुंकर घालत होती आणि मग हर्षाच्या पोटाला टेकवत होती. हर्षाने डोळे मिटलेले, तोंड घट्ट. हसत कोणीच नव्हतं.

बाईंनी बाहेर येऊन विचारलं, हा कसला खेळ. उर्वशीचा, असं सुरळीवाली म्हणाली. यात काय करतात? निजायचं आणि रडायचं नाही. रडलं तर?

"रडलं त आनखी," पोरगी म्हणाली. "उर्वशी सांगते तसं."

सांगायची असं नाही म्हणाली ती, सांगते म्हणाली. आणि बोलताना तिने खिडकीकडे, आतल्या त्या रिकाम्या जागेच्या दिशेने पाहिलं. बाईंनीही तिकडे पाहिलं. पण त्यांना खरी धडकी भरली ती त्या खेळाच्या नियमाने. डाग देताना पोर किंचाळतं. चार बायका धरून ठेवतात, त्याही रडतात. रडू नको, रडलीस तर आणखी देईन, असं डाग देणारी कुठलीच म्हातारी म्हणत नाही.

त्यांनी हर्षाला वजनाला म्हणून आत नेलं. काट्यापाशी उभी केली तर पोर आपणहून फरशीवर आडवी झाली, फ्रॉक वर घेतला आणि डोळे मिटले. पोटावर काही नव्हतं. बाईंनी तिला हळूहळू सगळीकडून पाहिलं. डाव्या पायाच्या टाचेवर एक खूण होती, वाटाण्याएवढी, ताजी.

त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी, पोरीची टाच तळहातात असताना ललिताबाईंना आठवलं. खरं म्हणजे त्या विसरल्याच नव्हत्या. सप्टेंबरच्या त्या वजनाला उर्वशीच्या काखेतही एक खूण होती. डाग पोटावर देतात, काखेत कोणी देत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी ती पाहिली होती, आणि पाहून हात पुढे सरकवला होता. अतुल साहेबांना त्यांनी पोटावरच्या तीनच सांगितल्या. चौथी सांगितली असती तर स्वतःचं म्हणणं डळमळलं असतं, आणि बाईंना आपलं म्हणणं डळमळलेलं कधी खपत नसे. एवढ्याशा अहंकारापायी लेकराचा जीव जातो, हे लिहितानाही हात जड होतो.

सत्यभामाबाईला दारात बसवून त्यांनी हर्षाला घरी सोडलं नाही आणि अतुल साहेबांना फोन लावला. साहेबांनी पोलीस घेऊन येऊन हर्षाला सुनावणीपर्यंत सरकारी बालगृहात हलवलं. रुखमिणीबाईचा हर्षासाठीचा अर्ज आधीच समितीपुढे पडून होता, तो आता निघणार होता. साहेबांचा चेहरा उतरलेला होता, कारण आधीच्या अहवालावर त्यांचीही सही होती. ते म्हणाले की बाईंनी फक्त नवी खूण सांगावी, जुनं उकरू नये. बाईंनी विचारलं की राजकुमार काय म्हणेल. साहेबांनी सांगून टाकलं. राजकुमार म्हणेल की आजी मागच्या महिन्यात भेटून गेली, तिनेच दिलं. आणि फायलीत तर आजी म्हणजे डाग देणारी बाई असं लिहिलेलंच आहे. मग पोरगी आजीला मिळणार नाही. एक तर बापाकडे जाईल, नाही तर संस्थेत राहील.

म्हणजे किल्ली ललिताबाईंच्याच जबाबात होती. जुना जबाब खोटा होता असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं तरच रुखमिणीबाईच्या माथ्यावरचा डाग देणारीचा शिक्का पुसला जाणार होता. आणि म्हटलं तर नोकरी, मान, भिंतीवरचं प्रमाणपत्र, सगळंच पणाला लागणार होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी राजकुमार अंगणवाडीत येऊन गेला. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. तोटी नीट चालते ना, एवढंच त्याने विचारलं. मग खिडकीखालच्या जागेकडे बघत तो उगाच थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. बाईंनी दाराला आतून कडी घातली. तेव्हा टळटळीत दुपार होती.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे तिघेजण. एका कडेला राजकुमार, दुसऱ्या कडेला रुखमिणीबाई, पिशवी मांडीवर घेऊन. बाईंचं नाव पुकारलं. तालुक्याच्या बैठका गाजवणाऱ्या ललिताबाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. अध्यक्षबाईंनी पाणी दिलं.

"मॅडम, ते डाग नोहोते," त्या म्हणाल्या. "डाग पोटावर देतेत. उर्वशीच्या काखेत बी एक होता. तो मी पाह्यला होता. पाहून बी मी नाही सांगितला, अन् आजीचं नाव घेतलं. या बाईनं काहीच केलं नाही. मी खोटी सही केली."

अध्यक्षबाईंनी विचारलं की याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कळते, असं बाई म्हणाल्या आणि तसंच लिहा म्हणाल्या, शब्द मऊ करू नका. अतुल साहेब खाली बघत होते. राजकुमारच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्याने फक्त शर्टाची बाही खाली ओढून घेतली.

संध्याकाळी निकाल झाला. हर्षा रुखमिणीबाईकडे, आणि उर्वशीच्या मृत्यूचा तपास पुन्हा करावा म्हणून पोलिसांना पत्र. बाईंना नोटीस येणार हे ठरलेलंच होतं.

बसस्टँडवर सानगडीकडे जाणारी साकोलीची गाडी लागायला वेळ होता. रुखमिणीबाई हर्षाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. ललिताबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पाया पडावं म्हणून वाकल्या तर म्हातारीने पाय आखडून घेतले. रागाने नाही, थकून. मग ती बोलली.

"जानेवारीत पोरी वापस धाडाच्या होत्या, तवा मी लय रडली. उर्वशी नाही रडली. मलेच म्हणे, आजी, तू कायले रडून राहिली? तिथं बाई आहे. बाईले माहीत आहे सगळं, मी दाखवलं तिले. ते तेल लावून देते, ते सांगन कोनाले तरी."

गाडी लागली. रुखमिणीबाईने हर्षाला खांद्यावर टाकलं, पिशवी उचलली आणि ती चढली. कंडक्टरने घंटी दिली. ललिताबाई त्या बाकापाशी तशाच उभ्या होत्या. त्यांच्या गावाची शेवटची गाडी पलीकडच्या फलाटावरून सुटली तरी.