लोहाऱ्यापुढे धावताना

बांधकाम खात्याच्या कार्यालयात मी अनुरेखक होते. अभियंत्यांनी काढलेले रस्त्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचे, हे माझं काम. खात्याच्या क्रीडास्पर्धेत महिलांच्या पंधराशे मीटरला कोणी नाव देईना, म्हणून हेडक्लार्कनी माझं घातलं. शाळेत मी धावत असे, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. माझं वय तेव्हा अडतीस, मुलगी नववीत. तिचीच ट्रॅक पँट घालून मी धावले आणि दुसरी आले. पहिली आलेली बाई माझ्याहून बरीच लहान होती. रेषा ओलांडल्यावर ती मैदानातच आडवी झाली. मी उभी होते, आणि अजून दोन फेऱ्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. पुढे जे झालं त्याचं कारण एवढंच.

थोड्या दिवसांनी पेपरात आलं, की थंडीत नागपूरला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. मी आधी नाव पाठवलं आणि मग घरी सांगितलं.

माझे मिस्टर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, "एकवीस म्हणजे किती, कल्पना आहे का तुला?"

"आहे. रोज रस्त्यांचे नकाशेच गिरवते मी."



ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, पाऊस लहरी, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळचं नाव देशभरच्या पेपरांत. बस स्टँडजवळच्या लॉजमध्ये बाहेरगावचे पत्रकार उतरलेले असत. एखादा मोठा दौरा ठरला की आमच्याकडे घाईने कुठल्या तरी खेड्याच्या रस्त्याचा नकाशा येई. मी शेतकरी घरातली नाही. वडील कोर्टात बाबू होते, सासरे पोस्टात. आमच्या घरी कापसाचा संबंध गादीशी आणि वातीशी. जिल्ह्यात काय चाललंय ते मलाही बाकीच्यांसारखं पेपरातूनच कळायचं.

पहाटे पाचला मी निघायची. शहराबाहेर लोहारा गावाच्या दिशेने रस्ता सरळ होता आणि औद्योगिक वसाहतीपर्यंत दिवे होते. हातात कुत्र्यांसाठी काठी. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं वाटेत भेटत. "मॅडम, तुमची भरती कधी?" असं विचारून पुढे निघून जात. महिनाभरात दिव्यांच्या पलीकडे जायची माझी हिंमत झाली.

खाण्यापिण्याचं खातं मिस्टरांनी आपल्याकडे घेतलं. धावण्यात त्यांना रस नव्हता, पण शरीरात काय जळतं आणि कशाने भरून निघतं, हा त्यांचा विषय होता. सायबर कॅफेतून ते छापील कागद आणत. पहिल्या प्रयोगात त्यांनी ग्लुकोजचं इतकं दाट पाणी दिलं की मला अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. मग प्रथिनांसाठी गव्हात सोयाबीन दळून आणलं. जिल्हाभर सोयाबीन पिकतं, पण त्याची पोळी आमच्या घरात कोणी खाल्लेली नव्हती. सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "हे ढोराले घालतेत," त्या म्हणाल्या. कुठेतरी वाचून मिस्टरांनी सलग तीन दिवस भात आणि बटाटे खाऊ घातले, तेव्हा मी धावले कमी आणि ढेकरा जास्त दिल्या. शेवटी टिकलं ते साधं होतं. निघताना केळं आणि मूठभर भिजवलेले मनुके, कमरेच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि परतल्यावर रात्रीची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून.

लोहाऱ्याच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर रस्त्याला लागून एक खेडं होतं. एका सकाळी, अजून अंधारच होता, मी पहिल्यांदा त्या गावात धावत शिरले. सडा घालणाऱ्या एका बाईने मला पाहिलं आणि तिच्या हातातली बादली खाली पडली. ती ओरडली, "कोन गेलं वो?"

मला काही कळलं नाही. मी थांबले. तोवर समोरच्या दोन-तीन घरांची दारं उघडली होती. एक बाई पदर सावरत पळत आली. "कोनाच्या घरचं? सांगा ना वो लवकर!"

"कोणाचं काही नाही," मी म्हणाले. "मी धावायला आलेय. व्यायामाला."

कोणी हसलं नाही, रागावलंही नाही. एक म्हातारे गृहस्थ घोंगडी पांघरून पुढे आले. "बाई, तुम्ही रनिंगले आल्या, चांगली गोष्ट हाय," ते म्हणाले. "पन आमच्या गावातून अंधारात पयत नोका जाऊ. मागच्या पंधरवड्यात असाच एक जन वावरातून पयत आलता, सांगाले. तवापासून कोनी पयलं का बाया बाहेर येतेत."

मी माफी मागितली आणि गावाबाहेर पडेपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी औद्योगिक वसाहतीतच फेऱ्या मारू लागले. तिथे गोदामांच्या भिंती आणि वॉचमन, बाकी काही नाही. घरी मी हे सांगितलं नाही. काय सांगायचं ते नीट ठरत नव्हतं.

लोहाऱ्याच्या बाजारात एकदा वांगी घेताना विकणारी बाई माझ्याकडे पाहत राहिली. माझ्याच वयाची असेल. "तुम्ही त्या पयनाऱ्या बाई ना?" तिने विचारलं. "आमच्या गावात येनं काहून बंद केलं?"

"लोक घाबरतात ना तुमच्या गावचे."

"घाबरतेत तं सांगत जा. गावात शिरता शिरता आवाज द्या, काही नाही झालं म्हनून. सांगाले काय जिवावर येते?" तिने वांगी तोलून पिशवीत टाकली. "बुढा म्हनते म्हनून काय सारं गाव म्हनते का? मले तं बरं वाटलं होतं. आमच्या इकडं बाई पयते तं बकरीच्या मागं. अशी रिकामी पयताना मी कोनाले पाह्यलं नाही."

पुढच्या रविवारी मी उजाडल्यावर निघाले आणि गावाच्या पहिल्या घराशी ओरडले, "काही नाही जी! धावून राह्यली!" आमच्या घरात वऱ्हाडी सासूबाई बोलत, मी नाही. स्वतःचा आवाज मला परका वाटला. एका अंगणातून कोणीतरी म्हणालं, "पया, पया." बस, एवढंच. त्यानंतर दर रविवारी मी तसंच ओरडत गेले आणि लोक आपापली कामं करत राहिले.

दिवाळीनंतर पाय जड व्हायला लागले. कार्यालयाच्या जिन्यावर धाप लागायची. मिस्टर म्हणाले झोप कमी पडते, सासूबाई म्हणाल्या हे थांबव. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच कमी होतं. "धावता म्हणून लवकर लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर बायका वर्षानुवर्षं अशाच वावरतात." गोळ्या दिल्या, चहा बंद केला, तीन आठवडे फक्त चालायला सांगितलं. मिस्टरांना वाईट वाटलं. त्यांनी सगळ्याचा विचार केला होता, लोहाचा सोडून. त्या दिवसापासून घरात फुटाणे आणि गूळ आला, आणि वरणावर लिंबू पिळल्याशिवाय ताट पुढे येईना.

मी पुन्हा धावू लागले तेव्हा कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. त्या रविवारी वांगी विकणारी ती बाई गावाबाहेरच रस्त्यात उभी होती. मी आवाज देण्याआधीच तिने हात वर केला.

"ताई, सून अडली हाय. रातीपासून कळा देऊन राह्यली. दाई म्हनते पोर आडवं हाय, दवाखान्यात न्या." तिचा श्वास पुरत नव्हता. "मानसं सारी गाड्या घेऊन कापूस विकाच्या लाइनीत. फटफटी होती तेबी तिकडंच. फोन कालपासून बंद. लोहाऱ्याले टेम्पोवाला हाय, माह्या माहेरचा. त्याले आना. तुम्ही पयता ना!"

तिने घराची खूण सांगितली. मी वळले.

सुरुवात हळू करायची, श्वास मोजून घ्यायचा, हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीच मी केलं नाही. पहिला किलोमीटर संपेपर्यंत कुशीत कळ आली आणि ती शेवटपर्यंत राहिली. समोरून कापूस वेचायला निघालेल्या बायका येत होत्या, कमरेला ओटी बांधलेल्या. मला तसं येताना पाहून त्या जागीच थिजल्या. एकीने तोंडावर हात ठेवला.

"बाळंतपण आहे!" मी लांबूनच ओरडले. "अडलीये! गाडी आणायला चालले!"

तिने तोंडावरचा हात काढला. "मंग सांगत काय बसल्या? पया!"

टेम्पोवाला अंगणात दात घासत होता. मला नीट बोलता येत नव्हतं. गावाचं नाव आणि "बाळंतीण" एवढेच शब्द निघाले. त्याने चूळ भरली, मागची ताडपत्री अंथरली आणि बायकोला घेऊन निघाला. मी त्याच्या ओट्यावर बसून राहिले. घरातल्या म्हातारीने मला पाणी दिलं, मग चहा दिला. तो चहा मला बंद होता, मी प्याले. मग चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका पुलाचा नकाशा गिरवताना माझी रेघ हलली. असं सहसा होत नसे. ब्लेडने शाई खरवडून मी ती पुन्हा ओढली. काय झालं असेल, हे विचारायला कोणी नव्हतं. सरकारी दवाखाना कार्यालयापासून लांब नव्हता, पण मला त्या सुनेचं नावही माहीत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी कळलं. वांग्यांच्या ढिगामागे बाई नेहमीसारखी बसली होती. "पोरगी झाली," ती म्हणाली. "पोट फाडा लागलं. दोघी बऱ्या हायेत." तिने पिशवीतून कागदात बांधलेले डिंकाचे दोन लाडू काढले. सुनेसाठी केलेल्यातले होते. मी ते तिथेच उभ्या उभ्या खाल्ले. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमची शर्यत कवा हाय?"

शर्यत जानेवारीत होती. आदल्या दिवशी आम्ही दोघं एसटीने नागपूरला गेलो. सकाळी थंडी इतकी, की लोक अंगाला पेपर गुंडाळून उभे होते. बायका मोजक्याच. मी सलवार-कमीज घातला होता आणि पाठीला नंबरचं कापड टाचलं होतं. पहिला अर्धा भाग सोपा गेला. सतराव्या किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पाण्याच्या टेबलाशी पोचले तेव्हा पोरं टेबल उचलत होती. एकाने उरलेल्या अर्ध्या संत्र्याची फोड हातावर ठेवली. पुढे पोलिसांनी रस्ता वाहनांना मोकळा केला होता, त्यामुळे शेवटचे तीन किलोमीटर मी ऑटो आणि स्कूटरच्या मधून धावले. एका ऑटोवाल्याने वेग कमी करून विचारलं, "दीदी, बैठना है क्या?" मी नको म्हणून मान हलवली. तो थोडा वेळ माझ्या बाजूने चालवत राहिला, मग गिऱ्हाईक मिळालं म्हणून निघून गेला.

मी पोचले तेव्हा मंडप सोडायला सुरुवात झाली होती. एका माणसाने वहीत माझा नंबर टिपला आणि गळ्यात पदक घातलं. मिस्टर दुसऱ्याच फाटकाशी केळी घेऊन उभे होते. त्यांना शोधायलाच मला बरंच चालावं लागलं.

"पूर्ण केलीस?" त्यांनी विचारलं.

"केली."

"पोट?"

"ठीक आहे."

त्यांनी केळं सोलून दिलं. माझ्या पायांत वाकायचं बळ नव्हतं, म्हणून बुटांच्या नाड्या त्यांनीच सोडल्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी यवतमाळपर्यंत झोपले.

सोमवारी कार्यालयात हजर होणं भाग होतं. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. चढताना फारसं काही वाटलं नाही. दुपारी खाली उतरताना मात्र गुडघे वाकेनात, म्हणून कठडा धरून मी पाठमोरी, एकेक पायरी उतरू लागले. हेडक्लार्क वर येत होते. ते मधल्या वळणावर थांबले, मला पूर्ण उतरू दिलं, आणि मग वर गेले.