वीस बियांची वाटणी

लाटंबार्सेच्या शाळेत सुमतीबाई खुर्चीवर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. मुलांसोबत जमिनीवर, पुढ्यात काजूच्या बियांचा ढीग. उत्तर चुकलं की छडी नाही, एकच प्रश्न: "कशें केलें गो? सांग पळोवया."

राजभाषेच्या आणि घटक राज्याच्या वादाने गोवा तापला होता, तेव्हाची गोष्ट. मी मराठीच्या बाजूने पत्रकं वाटत हिंडायचो. शनिवारी डिचोलीत मोर्चा होता. चौथीची मुलं मागायला गेलो. बाईंनी मान वर केली नाही.

"शनिवारी तोंडी परीक्षा आहे. या शेवंतीला भागाकार येत नाही. पुन्हा नापास झाली तर बाप शाळेतून काढणार."

शेवंतीला तिसापर्यंत पाढे पाठ. तरी वीस भागिले चार, उत्तर चार. बारा भागिले तीन, उत्तर तीन. दोन वर्षं पोरीने यासाठी मार खाल्ला, 'दगड' म्हणवून घेतलं. बाईंच्या आधी शिकवायचा पगार घेणाऱ्या एकालाही 'कसं केलंस' असं विचारावंसं वाटलं नाही. बाईंनी विचारलं. शेवंतीने वीस बिया मांडल्या: चार मुलांचे चार ढीग, आणि बाजूला पाचवा.

"हो कोणाचो?"

"राखणदाराचो. ताका दिनासतना कशें वांटप?"

गाव राखणाऱ्या देवाचा वाटा. तिच्या घरी काहीही वाटताना आधी तोच निघायचा, त्याला दिल्याशिवाय वाटणी नाही.

"हिचं गणित बरोबर आहे," बाई मला म्हणाल्या. "माणसं आम्ही कमी मोजली." मग तिला, "राखणदाराचो वांटो घरा दी गो. हांगा शाळेंत, सांगल्यात तितल्यांकूच."

मी उसळलो. "बाई, मराठी शाळेत कोकणी?"

"फळ्यावर मराठीच आहे रे बाबा. पोर फळ्यापर्यंत पोचायला नको?"

मी पत्रकं खाली ठेवली आणि बियांच्या ढिगाशी बसलो.

शनिवारी मोर्चा माझ्याशिवाय निघाला. मी शाळेच्या खिडकीशी उभा होतो, शेजारी शेवंतीचा बाप. आत परीक्षक साहेबांनी विचारलं, "छत्तीस भागिले चार?"

शेवंतीची बोटं मांडीवर एकेक करून उघडली. पाचवं उघडलं, थांबलं. तिने ते हळूच मुडपलं.

"नऊ."

साहेबांनी आणखी दोन भागाकार घातले, तेही सुटले. वहीत 'उत्तीर्ण' लिहून ते पुढच्या मुलाकडे वळले.

गावची शाळा चौथीपर्यंतच, पाचवी डिचोलीत. बाई बाहेर आल्यावर बाप पुढे झाला.

"बाय, पांचवेक डिचोली वचपाची बस कितल्या वरांचेर येता?"

"सवा आठांक," बाई लगेच म्हणाल्या. "हांवें आदींच विचारून दवरलां."