कुसुमचा शुक्रवार

कुसुम बोरस्ते गेली हे मला मोबाइलवर कळलं. मी ओझरला बहिणीकडे गेले होते. सकाळी चहा घेताना सोसायटीचा ग्रुप उघडला. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, आज टाकी धुणार असल्यामुळे पाणी येणार नाही, आणि त्याच्या खाली, ‘बी विंगमधील श्रीमती कुसुमताई बोरस्ते यांचे पहाटे हृदयविकाराने दुःखद निधन झाले.’ त्याखाली वीस-पंचवीस जोडलेले हात, आणि मग कुणीतरी विचारलेलं, पाणी संध्याकाळी तरी येईल का? जिच्या दाराशी माझं दार पंचवीस वर्षं उघडत होतं, ती टाकीच्या सूचनेखाली सापडली... याला आता जवळजवळ दोन महिने होत आले. लोक म्हणतात, सुटली बिचारी, झोपेत गेली, भाग्यवान. मला यात भाग्य कुठे दिसत नाही. तिला एक गोष्ट करायची होती, ती झाली नाही आणि आता होणारही नाही, एवढंच मला दिसतं.

कुसुम निफाडकडच्या खेड्यातली. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर, त्यामुळे बरीच वर्षं कॉलनीत काढून ती दोघं मुलाला घेऊन नाशिकरोडला आमच्या समोर राहायला आली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून ती मला शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणाली, मी मात्र तिला सरळ कुसुम म्हणायचे. बोलायला फटकळ. नवरा गेल्यावर सोसायटीतल्या बायकांनी तिला मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, तेव्हा जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नका बोलावू. पन लक्ष्मी काय तुमच्या एकट्याची हाय का?” आणि दर गुरुवारी तिने आपल्या घरी घट मांडायचा तो मांडलाच. माझा या व्रतांवर विश्वास नाही, पण तिच्या प्रसादाच्या खिरीवर होता.

हाच फटकळपणा तिच्या अंगाशी आला. निलेश तिचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत नोकरीला गेला आणि तिथे त्याने रेचल नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं. फोनवर आईला सांगितलं तेव्हा कुसुम रागाने म्हणाली, “तुझं तू ठरवलं ना? मग आता इकडं यायचं काय काम?” असली वाक्यं ती दुधवाल्यालाही ऐकवायची, आणि दुधवाला दुसऱ्या दिवशी हजर असायचा. निलेशने मात्र ते वाक्य धरून ठेवलं. वडील गेले तेव्हा चार दिवस एकटा येऊन गेला. दर रविवारी फोन यायचा, तब्येत, औषधं, हवा, संपला. नात झाली, माया तिचं नाव, ती बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि हे सगळं कुसुमने तळहाताएवढ्या काचेत पाहिलं. रेचलला ती कधी सून म्हणाली नाही. ‘ती’ म्हणायची. “ती मागं उभी व्हती, हात हालवला तिनं.”

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रविवारी निलेश म्हणाला, पुण्याला कामासाठी यायचंय, रेचल आणि मायाही येतील, नाशिकला दोन दिवस येऊ. बोलता बोलता म्हणाला, रेचलला जरा वाईट वाटतंय, तिचा थँक्सगिव्हिंगचा सण या वेळी घराबाहेर जाणार. कुसुमने क्षणभरही विचार केला नाही. “इथं करू की! घराबाहेर कसा जाईल? हे काय घर नाय?” फोन ठेवल्यावर माझं दार वाजवून विचारलं, “बाई, ते काय असतं?” मी सांगितलं, नोव्हेंबरच्या शेवटाकडे एका गुरुवारी सगळं घर एकत्र जेवतं, वर्षभर जे मिळालं त्याबद्दल आभार मानतात. ती दारातच खाली बसली. म्हणाली, “म्हंजे रुसलेली मानसंबी येत असतील...” तिला मुलाची माफी मागायची होती. ती तोंडाने मागणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकाने मागणार होती. हे तिने मला कधी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

मग आठवडाभर तिच्या ओट्यावर जे चाललं त्याला मी साक्षीदार. फोनवर बघायचं, मी मराठीत सांगायचं, आणि ती त्याचं आपल्या भाषेत काहीतरी करून टाकायची. शिळा पाव कुस्करून, कांदा-लोणी घालून टर्की नावाच्या पक्ष्याच्या पोटात भरतात म्हटल्यावर, “म्हंजे पावाचा कुस्करा. त्याला काय येवढं?” बटाटे उकडून दूध-लोणी घालून घोटायचे, “फोडणी विसरले का काय ते लोक?” लाल डांगराचा, म्हणजे भोपळ्याचा, गोड पदार्थ तिला एकदम पटला, कारण डांगराचे घारगे ती डोळे मिटून करायची. त्याच्या खालच्या पापुद्र्यासाठी तिने शंकरपाळ्याचं पीठ भिजवलं, पहिलं कडक झालं, दुसरं चामट, तिसरं मी एकटीने अर्धं संपवलं. आंबट लाल फळांची चटणी लागते, ती फळं इथे कुठली, म्हणून मंडईतून आवळे आणून गुळात शिजवले आणि रंगासाठी बीट किसून घातलं. चव काही वाईट नव्हती. हा टर्की पक्षी केवढा असतो हे तिने व्हिडिओत पाहिलं आणि कपाळाला हात लावला, “हे बोकड हाय बाई, कोंबडी करू.” ती त्या दिवसांत गुणगुणायची. तिला गुणगुणताना मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

कॅलेंडरकडे लक्ष गेलं ते सगळं जमून आल्यावर. त्यांचा सण ज्या गुरुवारी, तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट, उपास, पोथी, नैवेद्य. त्या दिवशी तिच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, कोंबडी तर दूरच. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने आली. “बाई, आपल्याकडं शुक्रवार सकाळ असती तवा तिकडं गुरुवारची रात्र असती ना? मग त्यांचा गुरुवार म्हंजे आपला शुक्रवारच की!” मी म्हटलं, अगं, ते इथे आल्यावर त्यांचाही गुरुवार आपलाच ना? ती हसली. “मागं निलेश आला व्हता तर दुपारी ढाराढूर झोपायचा. म्हनला, आई, अजून आतलं घड्याळ तिकडचं हाय. सन तर त्यांच्या देवाचा, तो तिकडच्याच घड्याळानं चालनार. मानूस हिकडं आला म्हनून सन हिकडं येतो का?” मार्गशीर्षभर मटण-कोंबडी न खाण्याचा नियमही तिने त्या एका दिवसापुरता सैल केला. म्हणाली, “लक्ष्मीला इचारलं. ती काय बोलली नाय, म्हंजे चालतंय.” निलेशला विचार, असं मी सुचवलं. नको म्हणाली, तो आल्यावर बघू दे.

तिच्याकडे ओव्हन नव्हता. दिवाळीत आम्ही बायका नानकटाईची पत्र्याची ताटं घेऊन ज्या बेकरीत रांग लावतो, तिथे ती मला घेऊन गेली. रफिकभाई आधी हसले आणि मग घाबरले. “कुसुमताई, भट्टीत कोंबडी नाय घालत मी. नानकटाईवाल्या बाया उद्या मला दारात उभं करतील का?” ती म्हणाली, नातीसाठी आहे, पहिल्यांदा घरी येतेय. एवढं म्हणून गप्प उभी राहिली, आणि तिचं गप्प राहणं फार वेळ सहन होत नसे. शेवटी ते म्हणाले, “शुक्रवारी नमाजाच्या टायमाला भट्टी रिकामी असते. उतरत्या आचेवर ठेवतो, माझ्या घरच्या ट्रेमध्ये. पण कुणाला बोलू नका.” शुक्रवार असा सगळीकडून पक्का झाला. माझं जेवणाचं टेबल शुक्रवारी सकाळी तिच्याकडे न्यायचं ठरलं. आभार मोठ्याने बोलून मानायचे असतात हे कळल्यावर तिने माझ्याकडून एक इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं, डांगर किसताना ते पुटपुटत राहायची. “थँक यू फॉर कमिंग होम.” ‘होम’वर जोर द्यायची. मी विचारलं, हे रेचलसाठी, आणि निलेशला काय म्हणशील? किसणी थांबली. “त्याला मराठीत सांगनार हाय. ते माजं मी बघते.”

बुधवारी ती तिघं आली आणि हॉटेलात उतरली. गुरुवारी संध्याकाळी घरी आली तेव्हा मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. घट मांडलेला, उदबत्ती, पाच फळं, कुसुम दिवसभराच्या उपासाने थकलेली पण नवी साडी नेसून तयार. माया आजीच्या गळ्यातल्या माळेशी खेळली. रेचलने घटाचा फोटो काढला, ही देवी कोणाची, वगैरे विचारलं. मग कुसुमने पुरी, खीर, वरणभात वाढायला घेतलं, आणि निलेश म्हणाला, “आई, आज थँक्सगिव्हिंग आहे.” “उद्या,” ती हसत म्हणाली, “उद्या दुपारी. सगळं तयार हाय.” त्याचा चेहरा बदलला. “उद्या पहाटे आम्ही मुंबईला निघतोय. रात्रीचं विमान आहे, मधे रेचलची मैत्रीण भेटणार आहे.” मी मध्ये पडले, आठवडाभर काय काय चाललंय ते सांगितलं, घड्याळाचंही सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याने ऐकलं ते वेगळंच. हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे तुझं व्रत होतं म्हणून तिचा सण पुढे ढकलला. तिच्यासाठी एक गुरुवार नाही सोडवला तुला.” तो ओरडला नाही. ओरडला असता तर कुसुमला उत्तर देता आलं असतं, त्यात ती पटाईत होती.

रेचलला वाईट वाटल्याचं मला तरी दिसलं नाही. तिने दोनदा खीर घेतली. माया सोफ्यावर झोपून गेली, तिला खांद्यावर घेऊन निलेश उठला. मी कुसुमला डोळ्यांनी खुणावत होते, बोल, आता बोल... ती दारापर्यंत गेली, तोंड उघडलं आणि म्हणाली, “पान्याची बाटली घेतली का?” घेतली, तो म्हणाला. लिफ्ट आली.

शुक्रवारी दुपारी ती ठरल्याप्रमाणे बेकरीत गेली. मी म्हटलं, राहू दे आता. “त्यांनी भट्टी ठेवली बाई, शब्द दिला हाय.” कोंबडी सुंदर झाली होती, सोनेरी, पोटातला कुस्करासुद्धा खरपूस. तिने ती तिथेच बेकरीतल्या कामगारांना वाटली. मी तिला म्हटलं, तू एक घास तरी घे. “मार्गशीर्ष हाय,” ती म्हणाली. घरी आल्यावर मी तिला पुष्कळ सांगितलं, रविवारी फोन येईल तेव्हा जे बोलायचं होतं ते बोलून टाक. तिने मान हलवली. “फोनवरच तर बिघडलं व्हतं. फोनवर नाय बोलायचं मी आता. समोर आला की.” रविवारी फोन आला, नीट पोचलो म्हणाला, ती बरं म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने घट मांडला. त्याच्या पुढचा गुरुवार तिला मिळाला नाही.

निलेश आला. त्याच्यासाठी तिला थांबवून ठेवलं होतं. रामकुंडावर सगळं झाल्यावर तो घर आवरायला बसला आणि मी मदतीला गेले. डब्यांतल्या डाळी, नवऱ्याचे स्वेटर, औषधांच्या पिशव्या. पलंगाखालून एक खोका निघाला, भांडीबाजारातल्या दुकानाचा, सुतळी न सोडलेला. मला वाटलं कुणाच्या आहेरातलं असेल. आत तीन स्टीलची ताटं होती, जड, जाड पत्र्याची, काठावर नावं घातलेली. पहिलं चि. निलेश. दुसरं कु. माया निलेश बोरस्ते. तिसरं ताट तो बराच वेळ हातात धरून बसला, मग मी वाकून वाचलं. सौ. रेचल निलेश बोरस्ते.

“हे मला गुरुवारी का नाही दाखवलं तिनं?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “शुक्रवारच्या जेवणाला काढणार असेल रे.”

तो रडला. मी त्याला रडू दिलं, काही समजूत घातली नाही. निघताना त्याने खोका माझ्याकडे दिला, म्हणाला, “काकू, राहू द्या तुमच्याकडे, पुढच्या वेळी आलो की नेईन.” घर त्याने एजंटकडे विकायला दिलंय, मग पुढच्या वेळी तो कोणाकडे येणार? ताटं माझ्या फडताळात खालच्या कप्प्यात आहेत. काल धूळ पुसायला काढली होती. दुकानाचा कागद रेचलच्या ताटाला अजून चिकटलेला आहे, नखाने सहज निघेल. मी पुन्हा तसंच आत ठेवलं.