उंबऱ्यात बसणारी मावशी

आमच्या गल्लीतल्या फुलवाल्या मावशीइतकी आगाऊ बाई सगळ्या पंचवटीत दुसरी नसेल. ती माझी सख्खी मावशी नव्हे. गल्लीत सगळ्यांचीच मावशी. कुणाच्या घरातून बाईला मारल्याचा आवाज आला की ती झेंडूची पाटी घेऊन हजर व्हायची आणि थेट उंबऱ्यात बसायची, म्हणजे दार लावता येत नसे. भांडणाबद्दल चकार शब्द नाही. उद्या लग्नाची ऑर्डर आहे, हात कमी पडतात, एवढंच सांगायची. तिच्यामागून गल्लीतल्या बायका आपापली सुई घेऊन यायच्या आणि घर भरून जायचं. मारणाऱ्याला ती जावईबापू म्हणायची, कारण गल्लीतली प्रत्येक बाई तिच्या लेखी तिची लेक. "जावईबापू, हात मोकळाच दिसतोय. धरा सुई," म्हणत त्याच्या पुढ्यात फुलं ओतायची. इतक्या बायकांसमोर नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे. राग उतरेपर्यंत हार चालायचे आणि उठताना ती त्याच्या हाराला नावं ठेवायची, "हार हाय का बैलाचं दावं?" पुढे कितीतरी दिवस बायका पाळीपाळीने काहीतरी निमित्त काढून त्या घरात डोकावायच्या. बाईची तयारी असली तर मावशी तिला पोलीस चौकीत न्यायची, आणि तक्रार लिहून घेईपर्यंत तिथेही उंबऱ्यातच बसायची.

तिच्या चुकाही तशाच. एकदा रिक्षावाल्या अण्णांच्या घरातून धपाधप आवाज आला. मावशी पाटीसकट धडकली, तर अण्णा दिवाळीच्या साफसफाईत गादी झोडत होते आणि त्यांची बायको शेजारी उभी राहून अजून जोरात मारा म्हणत होती. मावशी ओशाळली नाही. आलेच आहे तर, म्हणून तिने अण्णांना हाराला बसवलंच.

माझ्या घरातून मात्र आवाज येत नसे. नवरा दात आवळून मारायचा आणि मी तोंडात पदर धरायचे. एका सकाळी फुलं घेताना माझ्या मनगटावरचा वळ मावशीला दिसला. संध्याकाळी ती पाटी घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसली, मागोमाग बायकाही आल्या. नवरा म्हणाला, इथे कसलं भांडण नाही.

"म्हणूनच आले. इतकं गप्प घर चांगलं नाय."

मग सुई बाजूला ठेवून तिने त्याच्यादेखत मला विचारलं, "पोरी, तुला इथं राहायचंय का?"

असं मला माहेरीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. एरवी कुणाला बोलू न देणारी मावशी वाट बघत बसली, बायकाही बसल्या. कितीतरी वेळाने मी नाही म्हणाले. त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत, फुलांच्या पाट्यांमध्ये झोपू लागले. नवरा एक-दोनदा दारापर्यंत आला आणि बायकांना बघून परत गेला.

आता माझी स्वतःची खोली आहे, भाजीबाजारात काम आहे. मावशीला मात्र तिचा मुलगा नांदगावला घेऊन गेला. तिच्या बंद दारावरून जाताना माझा पाय रेंगाळतो. गल्लीत आवाज आला की आम्ही बायका अजून जातो. पण मारणाऱ्याला जावईबापू म्हणायला आमची जीभ वळत नाही. परवा फोनवर मी म्हटलं, मावशी, ये ना चार दिवस. ती म्हणाली, "गुडघे हलू देत नाय गं आता." आणि गप्प झाली. मी म्हटलं, फोन ठेवू नको. मग मीच बोलत राहिले, बाजारातलं, गल्लीतलं, सुचेल ते.